सुलभाची स्लाइड

"अल्पशा आजाराने दुःखद निधन." मोबाइलवर आलेल्या त्या चौकटीत सुलभाचा फोटो होता, त्याला हार, दोन्ही बाजूंना निरांजनं आणि खाली शोकाकुल म्हणून भाऊ, भावजय, भाचे. मी नांदेडला माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. ती गेल्याचं मला आधीच कळलं होतं. तिच्या धाकट्या भावाचा, रामकिशनचा पहाटेच फोन आला होता, रडून झालं होतं, लातूरला निघायला गाडी मागवली होती. पण ते 'अल्पशा' वाचलं आणि माझं टाळकं फिरलं. अरे, अल्पसा कशाला म्हणता? जिनं उभा जन्म मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या पोरांना पॅथॉलॉजी शिकवली, म्हणजे रोग म्हणजे काय, तो शरीरात कुठून सुरू होतो, त्याला नाव कसं द्यायचं हे शिकवलं, तिच्या आजाराचं नाव ती मेल्यावरसुद्धा लिहायची तुमची छाती होत नाही? लोक म्हणतील, बाई, एवढं काय त्यात, सगळेच तसं लिहितात. हो ना, सगळेच लिहितात... त्याचीच तर चीड आहे. महिना उलटून गेला तरी ती कमी होईना, म्हणून हे लिहायला बसले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणे. सुलभाबद्दल मी गोडच लिहीन, बाकीच्यांचं काही सांगता येत नाही.

ती मुरुडची, मी धर्माबादची. नांदेडला मेडिकलच्या हॉस्टेलला एका खोलीत आलो ते केवळ यादीत आमची नावं शेजारी होती म्हणून. तिचं घर शेतकऱ्याचं, वडील आणि काका एकत्र राबणारे, आणि एवढं शिकणारी घरातली ती पहिलीच मुलगी. माझं घर बाजारातलं, बोलण्यात निम्मी तेलुगू. मी चिडले की 'अय्यो' म्हणायचे, तर ही हसून लोळायची. "मराठीत चीड गं यशे, मला कळू दे तरी!" दुसऱ्या वर्षाला ते जाडजूड पुस्तक हातात आलं आणि मी रडायलाच लागले. एक पान वाचलं की आधीचं पान पुसलेलं. सुलभानं पुस्तक मिटून उशाखाली सारलं आणि म्हणाली, "बोटात काटा मोडला की काय होतं सांग." मी म्हटलं, लाल होतं. "अन्?" सुजतं, गरम लागतं, ठणकतं. "अन् त्या हातानं भाकर थापता येती का?" नाही येत. "झालं की मग! इन्फ्लमेशन झालं तुझं. ह्याच पाच गोष्टी पुस्तकात लॅटिनमधी लिहिल्यात, तर त्याला भिऊन राहिलीस व्हय?" त्या वर्षी मी पास झाले ती तिच्यामुळे. परीक्षेत ते पाच लॅटिन शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे भाकरीच होती.

पुढं ती एमडीला पॅथॉलॉजी घेते म्हणाली तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. बाईमाणसानं गायनिक घ्यावं, नाहीतर पोरांची डॉक्टर व्हावं, हे काय बाटल्या आणि मुडदे घेऊन बसायचं! वडील मुरुडहून मुद्दाम समजवायला आले होते. हॉस्टेलच्या पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "म्हंजे तू पेशंट बघणारच न्हाईस?" ही म्हणाली, "बघणार की बाबा. आतून बघणार." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. मी भूलतज्ज्ञ झाले. दोघींना नांदेडलाच नोकरी लागली, मी थिएटरात आणि ती तिच्या त्या फॉर्मॅलिनच्या वासाच्या विभागात. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. तिच्या हाताला तो वास असायचा आणि त्याची तिला काही पडलेली नसायची.

शिकवायची कशी, ते मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलंय. ऑपरेशन रद्द झालं होतं, मी रिकामी होते. वर्षाचा पहिलाच तास. फळ्यावर एक वाटोळं काढलं आणि म्हणाली, "ही पेशी. हिला इजा झाली की ही आधी फुगते. फुगली म्हणजे मेली नव्हे. इजा थांबली तर ही परत पहिल्यासारखी होते. पण एक हद्द असती. ती ओलांडली की परत येणं न्हाई. ती हद्द ओलांडताना दिसत न्हाई, ओलांडल्यावर कळतं. डॉक्टर म्हणून तुमचं सगळं काम ह्या हद्दीच्या अलीकडचं हाय, तवा उशीर करू नका." मग कॅन्सरवर आली की म्हणायची, हा काही बाहेरून आलेला चोर नाही, आपलीच पेशी आहे, कोणाचं ऐकेनाशी झालेली. रागीट होती. कोणी पाठ केलेलं धडाधडा म्हणायला लागला की, "गप. आता हेच तुझ्या आईला सांगतोस तसं सांग," म्हणायची आणि तो सांगेपर्यंत त्याला उभा ठेवायची.

आणि एक गोष्ट तिनं आयुष्यभर सोडली नाही. तपासायला आलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला की ती स्वतः पेशंटला भेटायची. हे पॅथॉलॉजिस्टचं काम नसतं, कोणी करत नाही. एकदा एका म्हाताऱ्या शेतकरीण बाईची मुलं रिपोर्ट न्यायला आली आणि दारातच गयावया करायला लागली, मॅडम, आईला काही सांगू नका, साधी गाठ आहे असंच लिहा. सुलभानं त्यांना बाहेर बसवलं आणि म्हातारीला आत बोलावून स्टुलावर बसवलं. "मावशी, गाठ साधी न्हाई. पण लवकर आलीस, काढता येईल." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस बाई. घरचे नुसते रडून राहिले, मला वाटलं मी मेलेच की काय!" हे सांगताना सुलभा डबा बाजूला ठेवून हसली होती. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "यशे, सगळ्या गावाला ठाऊक अन् जिच्या पोटात हाय तिलाच न्हाई. किती घाण रीत हाय ही."

अविनाश तिचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. देगलूरचा, पॅथॉलॉजीतच नापास झालेला. तिनं त्याला रोज सकाळी विभागात बोलावून शेजारी बसवलं, मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकवलं, आणि पुढं तो पॅथॉलॉजिस्टच झाला. लातूरला त्यानं लॅब काढली तेव्हा हिनं आपल्या हातानं बनवलेल्या शिकवायच्या स्लाइडची एक पेटी त्याला देऊन टाकली. निवृत्त झाल्यावर ती लातूरला रामकिशनकडेच राहायला गेली. लग्न केलं नव्हतं, भावाचं घर तेच तिचं घर. वरच्या मजल्यावर एक खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर तिचा मायक्रोस्कोप. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव, गल्लीगल्लीत वर्ग आणि रट्टा मारणारी पोरं. त्यातली मेडिकलला लागलेली काही जण रविवारी हिच्या खोलीत सतरंजीवर येऊन बसायची. फुकट शिकवते म्हणून सुरुवातीला लोकांना संशयच यायचा.

गेल्या साली तिचं पोट फुगायला लागलं आणि अंग वाळायला लागलं. पोटात पाणी झालं होतं. पोटाचा टीबी असला तरी असंच दिसतं आणि कॅन्सर असला तरी असंच दिसतं, तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. सर्जननं दुर्बिणीतून आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा, म्हणजे ओमेंटमचा, तुकडा काढला आणि तो साहजिकच अविनाशच्या लॅबला गेला. दोन-चार दिवसांनी तिचा मला फोन, आवाजात नुसती खुशी. "यशे, टीबी हाय गं! मला तर वाटलं होतं गेलेच मी. अविनाशची सही हाय रिपोर्टवर." मला लोक विचारतात, एवढी मोठी डॉक्टर आणि तिला शंका कशी आली नाही? का यावी? ज्याला आपण डोळा दिला त्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणाच्या? मीसुद्धा त्या दिवशी गणपतीला नारळ फोडला.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. खाल्लेलं पोटात ठरेना. फोन केला की म्हणायची, उलट्या काढून राहिले गं, पण निभेल. मुरुडच्या शाळेत तिला मुलींसाठी एक खोली करायची होती, मायक्रोस्कोप ठेवायचा होता, पानाचा पापुद्रा, कांद्याचं साल, रक्ताचा थेंब मुलींनी स्वतः बघायचा. हेडमास्तरांशी बोलणं झालं होतं. मी म्हटलं, चल, मी येते, जाऊन येऊ. "कोर्स संपू दे, मग. आता घाई काय हाय?" घाई काय हाय... आणि घाई आहे हे त्या घरात पोळ्या लाटणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं.

एका रविवारी तिला पोरांना टीबीची गाठ दाखवायची होती. तिनं अविनाशला फोन केला, "माझीच स्लाइड दे पाठवून, पोरांच्या कामाला येईल." त्यानं टाळलं. तिनं परत केला, परत केला. शेवटी स्लाइड आली, वर नवीन लेबल, लेबलवर तिचं नाव. तिनं ती लावली आणि डोळा ठेवला. चरबीचा पडदा कापलेला आणि चरबी कुठंच नाही! स्लाइड थोडी सरकवली, तर कोपऱ्यात एक घडी. तुकडा कापताना पडलेली ती घडी तिच्या पूर्ण ओळखीची होती, कारण ती तिच्याच हातून पडली होती, नोकरीच्या सुरुवातीला. वर्षानुवर्षं पोरं त्या स्लाइडवरून चित्र काढायची आणि ती घडीसुद्धा रोगाचाच भाग समजून गुलाबी पेन्सिलीनं जर्नलमध्ये रंगवायची, आणि ही दर साली कपाळ बडवून घ्यायची. अविनाशनंही तशीच रंगवली होती. तिनं दिलेल्या पेटीतली ती स्लाइड होती, मानेच्या गाठीची, कोणा वेगळ्याच माणसाची. घाबरलेल्या माणसाला पुढं जे सापडलं ते त्यानं उचललं. सुलभानं त्या दिवशीचा तास पूर्ण घेतला, पोरं गेली, आणि मग मला फोन केला. "यशे, ये. मला टीबी न्हाई." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी लातूरला पोचले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, रामकिशन दाराशी उभा. हळूहळू सगळं बाहेर आलं. तुकड्यात कॅन्सर आहे हे अविनाशनं पहिल्यांदा रामकिशनला सांगितलं. सुलभाला नाही, रामकिशनला! रामकिशननं त्याचे पाय धरले, आक्काला सांगू नका, खचून जाईल. एक-दोन दिवस तो नाही म्हणत राहिला आणि मग त्यानं टीबी लिहून सही केली. सर्जनही हो म्हणाला. गोळ्या मात्र खऱ्या टीबीच्या दिल्या, कारण त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते आणि तशी झाली नसती तर हिला लगेच कळलं असतं. म्हणजे खोटं पक्कं व्हावं म्हणून नसलेल्या रोगाच्या उलट्या तिला काढायला लावल्या. आणि असलेल्या रोगाचं औषध दिलं नाही, कारण त्यानं केस गेले असते आणि तिला कळलं असतं! सर्जननं मला नंतर तोंडानं कबूल केलं, बरी झाली नसती, पण वेळ मिळाला असता. मी म्हटलं, तो वेळ कोणाचा होता हो, तुमच्या बापाचा? मी जन्मभर माणसांना झोपवायचं काम केलं. पण झोपवायच्या आधी त्यांना सांगते, मी आता काय करणार आहे, आणि नंतर नावानं हाक मारून उठवते. ह्यांनी जागत्या बाईला भूल दिली आणि वर म्हणतात प्रेमापोटी.

"आक्का, तुझ्या भल्यासाठीच केलं गं," रामकिशन रडत म्हणाला. खोटं रडत नव्हता, जीव होता त्याचा बहिणीवर, हे मी नाकारत नाही. सुलभाचा आवाज चढला नाही. "माझं भलं मला इचारून करायचं."

"तू खचली असतीस."

"खचले असते. मग उठले असते, न्हाईतर नसते उठले. पण माझी मी खचले असते की रे! तेवढंबी माझ्याकडं ठिवलं न्हाईस."

दुपारी अविनाश आला, खरी स्लाइड घेऊन. मॅडम, माफ करा, असं काहीतरी पुटपुटत वाकायला लागला. "माफीचं मागनं बघू. फोकस कर." त्यानं फोकस केलं. मी आणि तिच्या भावजयनं धरून तिला खुर्चीत बसवलं. तिनं डोळा लावला आणि फार वेळ स्लाइड सरकवत राहिली, नेहमी बघायची तसंच, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, काही न सोडता. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं आता कोसळेल. वर मान करून म्हणाली, "लई सुरेख हाय. पोरांना अशी बघायला मिळत न्हाई." अविनाश खाली बघत उभा होता. त्यानं तेव्हाही तिला रोगाचं नाव सांगितलं नाही, आणि रामकिशननंही नाही. मी बोलायला गेले तर तिनं हातानं थांबवलं. त्या आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवलं. तेसुद्धा तिच्याऐवजी रामकिशनलाच म्हणाले, आता शरीर औषध सोसणार नाही. मुरुडला जायचंही राहिलं, तिला गाडीत बसवणं शक्य नव्हतं.

तिच्या तेराव्याला मी त्या वरच्या खोलीत गेले होते. खाली पंगती चालल्या होत्या. मायक्रोस्कोपवर तिचा जुना टॉवेल झाकलेला, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात, खिडकी कोणीतरी बंद करून टाकलेली. मी खिडकी उघडली आणि तिच्या खुर्चीत बसले. त्या खोलीत तिचा शेवटचा रविवार मी पाहिला आहे, आणि ती खोली म्हटली की मला तेवढंच आठवतं.

त्या रविवारी तिला उठवत नव्हतं, तरी पोरांना येऊ नका म्हणायला ती तयार होईना. आम्ही पलंग टेबलाजवळ ओढला. तिनं तीच खरी स्लाइड लावायला सांगितली, लेबल कागदानं झाकून. एकेकानं बघितलं. ती पडल्या पडल्या विचारत होती. पेशी कशा आहेत? केंद्रक केवढं? एकीसारखी दुसरी आहे का? चरबीत घुसल्यात का? मूळ कुठल्या अवयवातलं? पोरं हुशार होती, भराभर सांगत होती. पेशंट कोण, त्यांना माहीत नव्हतं, मॅडमना टीबी आहे एवढंच माहीत होतं. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "बरं. रिपोर्ट तयार झाला. आता द्यायचा कोणाला?"

"नातेवाइकांना, मॅडम." एकमेकांकडं बघायलाही कोणी थांबलं नाही. कंधारची एक मुलगी होती, वर्गातली सगळ्यात हुशार, ती आणखी पुढं जाऊन म्हणाली, "पेशंटला एकदम सांगायचं नसतं ना मॅडम. खचतात."

सुलभा तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ही आता तिला फाडून खाईल.

"पेशंट मी हाय," सुलभा म्हणाली.

तिनं त्या मुलीला हातानं जवळ बोलावलं, मायक्रोस्कोपपुढं बसवलं. "परत बघ. अन् सांग मला, काय झालंय मला." मुलगी डोळा लावून बसली, वर मान करीना. तिचे खांदे हलत होते. सुलभा थांबली. कितीही वेळ थांबायची तिची तयारी दिसत होती. शेवटी ती पोर मान न उचलता म्हणाली, "मॅडम, तुम्हाला... कॅन्सर आहे."

"माझ्याकडं बघून. अन् अर्धं न्हाई, पूर्ण सांग."

मुलगी वळली. चष्मा डोळ्यांतल्या पाण्यानं भिजलेला. "तुम्हाला ओव्हरीचा कॅन्सर आहे, मॅडम. तो ओमेंटमपर्यंत पसरलाय."

"हां," सुलभा म्हणाली आणि तिनं त्या पोरीचा हात हातात घेतला. "असं सांगायचं."

इतक्या महिन्यांत तिला तिच्या आजाराचं नाव तोंडानं सांगणारं ते पहिलं माणूस. मी पाणी आणायला जिना उतरले, तर खाली भावजय फोनवर कोणाला तरी सांगत होती, "हो हो, टीबीच आहे आक्कांना. गोळ्या चालू आहेत, होतील बऱ्या."